आमच्या घरचा डॉक्टर

आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलास वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, त्या दिवशीं घरीं पेढे वांटले आणि त्याच संध्याकाळीं थोरल्या वहिनींनीं आपला दुखरा गुडघा त्याच्यापुढें केला. प्रवेश मिळणें म्हणजेच डॉक्टर होणें, अशी आमच्यासारख्या कुटुंबांतून समजूत असते. साडेचार वर्षें अभ्यास व पुढें एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी, एवढा पल्ला अजून गांठावयाचा आहे, हें त्या बिचाऱ्यानें सांगून पाहिलें. पण ऐकतो कोण!

पहिल्या वर्षीं शवविच्छेदन. तेथला गुरु बोलत नाहीं व तक्रारहि करीत नाहीं. पुढें बोलणारा रोगी समोर आला, तेव्हां मात्र चिरंजीवांची तारांबळ उडाली. पुस्तकें इंग्रजी; त्यांत दुखण्याला 'पेन' म्हणतात. खाटेवरची बाई म्हणते, कळ येते. शेजारचा म्हणतो, ठणका लागला आहे. तिसऱ्याच्या पाठींत चमक भरते, चौथ्याच्या पोटांत मुरडा येतो, पांचवीला कणकण आहे आणि सहावीचा जीव नुसता घाबरा होतो. हीं सारीं दुखणीं निरनिराळीं, आणि निदानाची वाट पुष्कळदां या भेदांतूनच जाते. सुटींत घरीं आला म्हणजे तो वहिनींपाशीं बसून हे शब्द वहींत उतरून घेई. वहिनी मराठी चौथी शिकलेल्या. पण या विषयांत त्याच पंतोजी.

रोग्याशीं बोलणें हाहि शिकविण्याचा विषय आहे, हें आम्हांस त्याच्याकडूनच कळलें. २०१९ पासून आपल्या देशांतील वैद्यकीय अभ्यासक्रमांत वृत्ति, नीति व संवाद यांचे पाठ घातले आहेत. अमेरिकेंत दोन संशोधकांनीं डॉक्टर व रोगी यांचीं संभाषणें तपासून १९८४ सालीं असें दाखविलें कीं, रोगी आपली तक्रार सांगूं लागल्यावर डॉक्टर त्याला सरासरी १८ सेकंदांत मध्येंच तोडतो. आम्ही हंसलों. आमच्या घरांत बायकांना तेवढा तरी अवधि मिळतो कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.

गेल्या वर्षीं माघांत वहिनींच्या छातींत गांठ निघाली. तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनीं आम्हां पुरुषमंडळींस व्हरांड्यांत बोलावलें, चार वाक्यें इंग्रजींत सांगितलीं व ते निघून गेले. आंत बसलेल्या वहिनींशीं एक अक्षर नाहीं. खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तें सोयीचेंच वाटलें. थोरले दादा गेल्यापासून घरांत वडील आम्हीच. सर्वांस बजावलें कीं, साधी गांठ आहे असेंच सांगावयाचें. पुतण्या तेव्हां उमेदवारीच्या वर्षांत होता. त्यालाहि तीच ताकीद.

रात्रीं वहिनींनीं त्यालाच हांक मारली. पाट ओढून तो खाटेशीं बसला आणि म्हणाला, "काकू, तुला काय वाटतं आहे?" मग गप्पच राहिला. आम्ही ओसरीवर होतों. उठून त्याला बाहेर बोलवावें, असें दोनदां मनांत आलें.

"कॅन्सर ना रे?" वहिनी म्हणाल्या. "दिवाळीपासून हाताला लागते आहे. मीच बोललें नाहीं. म्हटलं, कशाला घराला घोर! पण तुम्ही सगळे कुजबुजतां ना, त्याची मला जास्त भीति वाटते."

त्यानें होय म्हटलें. शस्त्रक्रिया काय असते, पुढचीं औषधें कशीं, केस कां गळतात, सारें सांगितलें. जें ठाऊक नव्हतें तें ठाऊक नाहीं म्हणाला.

वडिलांची आज्ञा मोडली म्हणून आम्ही दोन दिवस त्याच्याशीं बोललों नाहीं. तिसऱ्या दिवशीं पुन्हा रुग्णालयांत जावयाचें होतें. वहिनींनीं कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर सहा प्रश्न लिहून आणले होते. दाराशीं त्या थांबल्या. "भावजी, आज तुम्ही बाहेर बसा," एवढें म्हणून पुतण्याला घेऊन त्या आंत गेल्या.

व्हरांड्यांतल्या बांकावर आम्ही पाऊण तास बसून होतों.