नानांच्या हातातली धमनी

नानांची बायपास ठरली तेव्हा सर्जननी त्यांचा डावा हात मागितला. मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबून धरल्या आणि मूठ आवळायला-सोडायला लावली. तळवा पांढराफटक पडला. मग करंगळीकडची धमनी मोकळी केली, आणि माडावर चढून घट्टे पडलेल्या त्या तळव्यावर बघता बघता लाली पसरली. "हाताचं एकीवर भागतंय, काका. दुसरी आम्ही घेतो."

अंगठ्याकडची ही धमनी फार हळवी. तिच्या भिंतीत स्नायू भरपूर, जरा धक्का लागला की आकसते. पॅरिसच्या अलँ कार्पांतिए यांनी १९७१ पासून ती बायपासला वापरली. पण जोडलेल्या धमन्या बंद पडू लागल्या आणि त्यांनी नाद सोडला. पुढे कित्येक वर्षांनी, बंद समजलेली अशी धमनी एका रुग्णात चांगली वाहती आढळली. मग ख्रिस्तोफ अकार यांनी १९८९ मध्ये पुन्हा हात घातला: धमनी अलगद काढायची, पॅपाव्हरीनने सैल करायची, नंतर रुग्णाला डिल्टियाझेम द्यायचं. पॅपाव्हरीन गेऑर्ग मर्क यांना १८४८ मध्ये अफूत सापडलं. ते नशा आणत नाही, स्नायू मात्र ढिले करतं. डिल्टियाझेम स्नायूपेशीत शिरणारं कॅल्शियम अडवतं. त्यावाचून आकसायला जोरच येत नाही.

रेवदंड्याच्या एका वाडीवाल्यासाठी हे चाललंय, असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात असायचं कारण नव्हतं. तरी माझे वडील त्यांनी परत दिले, असंच मी मानतो.

आणि गावातले मेडिकलवाले भाऊ. घरी आल्यावर डिल्टियाझेम चुकवायचं नाही, अशी ताकीद होती. ऐन आषाढात गोळ्या संपत आल्या. मुंबईहून मागवाव्यात तर रो-रो बोट तेव्हा नव्हती, मांडव्याच्या लाँच पावसाळ्यामुळे बंद. भाऊ भर पावसात मोटरसायकलवर अलिबागला गेले आणि छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पट्ट्या आमच्या ओटीवर आणून ठेवल्या. पेट्रोलचे पैसे पुढे केले तर रागावले. "ते राहू दे. नाना माडावर चढत नाहीत ना, ते आधी सांग."

चढत नव्हते. पण खालून पाडेकऱ्याला सूचना देणं सुरू झालं होतं, तेही मोठ्या आवाजात.