दोन नेमणुकांच्या मधले दिवस

पेणहून रोह्याला निघालो होतो. नागोठण्याजवळ रात्रीच्या अंधारात कारखान्याची ज्योत दिसली, तेव्हा गाडी चालवणारे गृहस्थ म्हणाले, "फादर, हा वायू मी समुद्रात जळताना पाहिला आहे."

बोलण्यात बढाई नव्हती. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले. तेथील वायू समुद्रतळावरील नळातून उरणला येतो आणि त्यातील काही घटक नागोठण्याच्या कारखान्यात कच्चा माल म्हणून वापरले जातात. हे गृहस्थ हेलिकॉप्टरचे वैमानिक. नौदलातून निवृत्त झाल्यावर कित्येक वर्षे त्यांनी जुहूहून तेलविहिरींवर माणसे नेली-आणली. पुढे तेच काम एका परदेशी कंपनीसाठी नायजेरियात पत्करले. सहा आठवडे तिकडे, सहा आठवडे घरी. पत्नी पेणला शिक्षिका, वृद्ध आई रोह्याला. त्यामुळे घरचे दिवसही दोन गावांत वाटलेले.

परदेश पेणला नवा नाही. येथील गणेशमूर्ती सणाच्या कितीतरी आधी बोटीने परदेशी रवाना होतात. मात्र त्यांना परत यायचे नसते. या माणसाला दर वेळी यायचे असे आणि दर वेळी जायचेही. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारी : कधी आलात? परत कधी?

घराला त्यांच्यावाचून चालण्याची सवय झाली होती. वीजबिल, दूधवाला, मुलीची फी, सारे पत्नीच्या हाती. एकदा हौसेने त्यांनी स्वयंपाकघरातील फळ्या लावून दिल्या. साखरेचा डबा मुंग्यांच्या भीतीने सर्वांत वर ठेवला. मुलीने निरागसपणे विचारले, "पप्पा, तुम्ही गेलात की पुन्हा पहिल्यासारखं ठेवू ना?" हे मला सांगताना ते हसले, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

२०१४च्या मध्याला खनिज तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर होते. २०१६च्या जानेवारीत ते तीस डॉलरच्याही खाली गेले. विहिरींवरील काम मंदावले, तशी हेलिकॉप्टरे जमिनीवर बसली. सहा आठवड्यांची रजा संपली तरी बोलावणे येईना. गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली नसतील, तर वैमानिकाला प्रवासी नेता येत नाहीत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ते दिवस मोजत. आई तेवढी खूश होती. मुलगा घरी का, हे तिने विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

मीही दर काही वर्षांनी बदलीचे पत्र आले की ट्रंक भरतो. म्हणून मला वाटले, यांचे दुःख मला कळते. ते खरे नव्हते. मी जातो तेथे माझी खुर्ची रिकामी ठेवलेली असते.

"भीती वाटते का?" असे मी एकदा विचारले. समुद्राची, असे मला म्हणायचे होते. त्यांनी प्रशिक्षणाची हकिगत सांगितली. हेलिकॉप्टरसारख्या पिंजऱ्यात पट्ट्याने बांधून माणसाला तलावात बुडवतात आणि पिंजरा उलटा करतात. नाकात पाणी, वर-खाली कळेनासे होते. अशा वेळी एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. घाईने सोडणारा आतच भरकटतो. (२८ जून २०२२ रोजी मुंबईच्या समुद्रात नऊ जणांसह हेलिकॉप्टर उतरावे लागले आणि चौघे दगावले, तेव्हा मला ही हकिगत आठवली.)

"पाण्यात ते जमतं, फादर," ते म्हणाले, "घरात चौकट सापडत नाही."

पाचव्या महिन्यात बोलावणे आले. पगार कमी, मुदत अवघी सहा महिन्यांची. तरीही ते गेले.

महिन्याभराने मी पेणच्या घरी गेलो. बाईंनी चहा ठेवला आणि मुलीला साखर मागितली. ती स्टूल ओढत फळीकडे गेली. आई म्हणाली, "किती वेळा सांगितलं, डबा खाली ठेव म्हणून!" मुलीने उत्तर दिले नाही. स्टुलावर चढून तिने चवडे उंचावले आणि दोन्ही हातांनी तो डबा खाली काढला.