बारा धुराडी

होमस्टेड, पेन्सिल्व्हेनिया. पिट्सबर्गला लागून, मोनोंगाहेला नदीच्या काठी. 1883 पासून उद्योगपती कार्नेगीचा आणि 1901 पासून यू. एस. स्टीलचा पोलाद कारखाना. एम्पायर स्टेट बिल्डिंगचे पोलाद इथले. दुसऱ्या महायुद्धात पंधरा हजार माणसे कामाला होती. 1986 च्या जुलैत बंद.

नदीकाठची खालची वस्ती त्याच्या पुष्कळ आधी गेली. 1941 मध्ये युद्धासाठी कारखाना वाढवायचा होता. घरे, चर्च, शाळा, गुत्ते पाडले. आठ हजारांच्या आसपास माणसे उठली. गाव पहिल्यांदा निम्मे झाले ते कारखाना वाढल्यामुळे. तिथे उभारलेल्या भट्ट्याही आता नाहीत.

1920 च्या जनगणनेत 20,452 लोक. 2010 च्या जनगणनेत 3,165.

आता भोंगा नाही. पाळीच्या वेळा घरातल्या जेवणाला लागू नाहीत. खिडक्यांच्या पडद्यांवर काजळी धरत नाही.

पलीकडच्या तीरावर 'कॅरी' नावाच्या झोतभट्ट्या. तिथले वितळलेले लोखंड वाघिणींतून पूल ओलांडून इकडे येई. पूल उभा आहे. भट्ट्यांपैकी दोन उरल्या, सहा आणि सात नंबरच्या. त्या तिकीट काढून पाहता येतात. लग्नासाठी जागा भाड्याने मिळते.

6 जुलै 1892 ला कारखान्यातला संप मोडायला पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीची तीनशे माणसे पडावांतून आली. दिवसभर गोळीबार झाला. दोन्हीकडची माणसे मेली. पिंकर्टनची माणसे जिथे उतरली तिथले पंपघर ठेवले आहे.

कार्नेगीने दिलेले ग्रंथालय टेकडीवर आहे, चालू आहे. आत पोहण्याचा तलाव आणि संगीताचे सभागृह. 1898 मध्ये ते उघडले तेव्हा कारखान्यात पाळी बारा तासांची होती. तिथे जायला वेळ कोणाला होता, हे कार्नेगीने विचारले नसावे.

होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीयांचा बेसबॉल संघ. पोलाद कामगारांनी सुरू केला, 1950 मध्ये संपला. 2002 मध्ये नदीवरच्या उंच पुलाला त्याचे नाव मिळाले.

आठव्या अव्हेन्यूवरचे लिओना थिएटर पाडले. सिनेमा आता रुळांपलीकडे लागतो, कारखान्याच्या जमिनीवर. 1999 मध्ये तिथे 'वॉटरफ्रंट' हे बाजारसंकुल झाले. त्याच्या पार्किंगजवळ विटांची बारा धुराडी ओळीने राखली आहेत. खाली भट्टी नाही.

भट्ट्यांची धातुमळी रेल्वेने वेस्ट मिफ्लिनला नेऊन टेकाडावरून ओतत. रात्री ती लाल वाहताना बघायला लोक गाड्या घेऊन येत, पोरांना दाखवत. त्याच मळीच्या डोंगरावर 1979 मध्ये 'सेंच्युरी थ्री' मॉल उघडला. तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या मॉल्समध्ये त्याची गणती होई. 2019 मध्ये तोही बंद झाला. 2024 मध्ये पाडायला घेतला.