दोनदा वाजलेला एक

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता इथली, अमेरिकेतल्या जॉर्जियातली घड्याळं तासभर मागे जातात आणि एक ते दोन हा तास पुन्हा उगवतो. माझं भांडण त्या तासाशी आहे. मार्चात घड्याळं पुढे सरकताना गायब होणारा तास खरं तर जास्त उपद्रवी. हजारो ओळींच्या कॉलममध्ये पहाटे अडीचची एखादीच चुकार नोंद असते; फॉरमॅट न सांगता तो कॉलम आर या भाषेतल्या ॲज-पॉझिक्स-सीटी या फंक्शनच्या हवाली केला, की त्या एका न पटणाऱ्या वेळेपायी आर सगळ्याच ओळींच्या वेळा छाटून नुसत्या तारखा ठेवतं, तेही चकार शब्द न काढता. आलेखावर सगळे ठिपके मध्यरात्रीला रांगेत उभे. पण ते डोळ्यांत भरतं, म्हणून निस्तरता येतं. नोव्हेंबर डोळ्यांत भरत नाही.

अल्फारेटाजवळ बिग क्रीक या ओढ्यावर यूएसजीएसचं, म्हणजे अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचं, मोजणी केंद्र आहे. पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी, आणि प्रत्येक नोंदीशेजारी ईडीटी (उन्हाळी वेळ) की ईएसटी (प्रमाणवेळ) तेही लिहिलेलं. सरकारी कारभारात इतका नेटकेपणा पाहून बरं वाटतं. माझ्या परसातल्या पर्जन्यमापकाला मात्र टाइमझोनचा गंध नाही. त्यातलं इवलंसं भांडं शंभरांश इंच पावसाने भरून कलंडलं, की तेवढी वेळ तो लिहून ठेवतो. पाऊस नाही तर नोंद नाही. ठरावीक अंतराने नोंदी असत्या तर पावणेदोनच्या मागोमाग पुन्हा एक आलेला दिसला असता. लगतच्या वेळांचा डिफ ऋण निघाला, तिथून पुढे ३६०० सेकंद मिळवले, काम झालं. इथे फाइलमध्ये दोनच नोंदी: १:२० आणि १:४०. दोन्ही पहिल्या तासातल्या? दोन्ही दुसऱ्या? की एक इकडची, एक तिकडची? क्रीकच्या चढावरून ताडून पाहिलं. पण ७२ चौरस मैलांचं पाणी गोळा करणारा ओढा माझ्या परसातल्या दोन थेंबांची साक्ष कशाला देईल!

अशा वेळी आर मुकाट्याने एक तास निवडून मोकळं होतं. पायथनमधलं पांडाज अडून बसतं, चूक दाखवतं. पायथनवाल्यांसमोर मी हे कधी कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही. एक्सेलबद्दल तर बोलायलाच नको: लोटस या जुन्या स्प्रेडशीटशी जुळवून घेण्यासाठी २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवस ज्यांनी आजतागायत सांभाळला, त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? जॉर्जियाने २०२१ मध्ये कायमच्या उन्हाळी वेळेचा कायदा केला, पण काँग्रेसने परवानगी दिल्याशिवाय तो लागू होत नाही. तोवर माझा तंटा चालू.

आमच्या शेजारच्या देशपांड्यांची लेक शाळेच्या सायन्स फेअरसाठी हाच पाऊस आणि हीच क्रीक घेऊन बसली होती. साठवण यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), चित्र स्थानिक वेळेत, हे माझं पालुपद ऐकून तिने विचारलं, "काका, मग चित्रही यूटीसीतच का नाही काढायचं? भांडणच मिटेल." मी तिला कोयना सांगितलं. महाराष्ट्राच्या लेखी तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ चा. यूटीसीत तो १० तारखेला २२:५१ ला होतो. किल्लारीचंही तेच. विसर्जन आटोपून माणसं झोपली होती, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला चार कमी. यूटीसीत २९ तारीख, रात्री साडेदहाच्या आत. वेळेवरून तारीख काढताना टाइमझोन द्यायला विसरलात, तर आपले हे दोन्ही भूकंप आदल्या दिवशी जाऊन पडतात. किल्लारीच्या माणसापुढे असा आलेख ठेवायची माझी छाती नाही. जुन्या पत्रिकांची वेळ तपासणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईत १९५५ पर्यंत चाललेला बॉम्बे टाइम आपल्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता.

तिला हे पटलं. पण नोव्हेंबरातल्या त्या दोन तासांचं तिने काय केलं? माझ्या आलेखात आडव्या अक्षावर १ दोनदा येतो, एकाखाली ईडीटी, दुसऱ्याखाली ईएसटी, आणि त्यावर पावसाचे कोरीव खांब. ऑफिसात लोक थांबून बघायचे आणि मला ते आवडायचं. ते खांब कुठल्या १ वर उभे करायचे हे मी मनानेच ठरवायचो, आणि ते कुणी कधी विचारलं नाही. तिने खांबच काढले नाहीत. दोन्ही तासांवर मिळून एक करडा पट्टा ओढला आणि आत लिहिलं: एवढा पाऊस, नेमका कधी ते ठाऊक नाही.

"असं नसतं काढायचं," मी म्हणालो. "मग कसं?" तिने विचारलं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्या रात्री जुन्या स्क्रिप्टा उघडून मी प्रत्येक नोव्हेंबरावर तोच पट्टा चढवला. रंग मात्र माझा. तिचा करडा फारच फिका होता, प्रिंटमध्ये उडून गेला असता.