सतरा भोकं आणि अठरावं

आवाज बदलला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. ड्रिलची घरघर एकाएकी चिरकी झाली, स्टीलच्या पत्र्यावर निळी-जांभळी कडी उमटली आणि करपलेल्या फेविकॉलचा उग्र दर्प गच्चीभर पसरला. बिट उचलून पाहिलं तर त्याची धार पार गेली होती. पत्र्यावर जेमतेम ओरखडा आणि त्याभोवती पत्रा प्लायपासून सुटून पापडासारखा फुगलेला. पहिलंच भोक. पुढे अजून सोळा होती.

जुन्या पार्लरमध्ये असायचं तसं उभं गेम-कॅबिनेट घरी बनवायचं, हा माझा आणि धाकट्या भावाचा कित्येक वर्षांचा बेत. १९९५च्या सुमारास कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका पार्लरमध्ये आम्ही रुपया-रुपया जमवून ‘मुस्तफा’ खेळायचो. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम या जपानी कंपनीने तो १९९३ साली काढला. पण आमच्या गल्लीत ते नाव कुणी कधी उच्चारलं नाही. चारातला एक गडी मुस्तफा, म्हणून खेळही मुस्तफा. एक दांडी, मारायला एक बटण, उडी घ्यायला एक.

तिथलं पॅनेल प्लायचं होतं आणि वरून पत्रा मारलेला. दिवसभर पोरांचे घामट तळवे घासले की सनमायका टिकत नाही, असं पार्लरवाला सांगायचा. पत्रा टिकायचा. पण पावसाळ्यात ओल्या चपलांनी उभं राहिलं की त्याच पत्र्यातून तळहाताला मुंग्या यायच्या. पार्लरवाल्याने त्यावर उपाय म्हणून पायाखाली लाकडी फळी टाकली होती. एका जुलैत भाऊ फळीवरून खाली उतरला आणि त्याचा हात असा झटकला गेला की तो मागच्या पोरावर जाऊन आदळला. घरी आम्ही अवाक्षर काढलं नाही. महिन्याभराने परत गेलो, फळीवर पाय ठेवूनच.

आपलंही पॅनेल पत्र्याचंच हवं, असं दोघांचंही मत पडलं. पत्र्यावर तळहात टेकल्यावर जो गारवा लागतो, तो आम्हाला हवा होता.

गच्चीवरच्या फजितीनंतर ते पॅनेल घेऊन मी उद्यमनगरात गेलो. वडिलांच्या ओळखीचे एक काका तिथे चाळीस वर्षं वर्कशॉप चालवतात. त्यांनी पॅनेल उजेडात धरलं, निळ्या कडीवर नख फिरवलं.

“किचनच्या ओट्याचं स्टील हाय न्हवं हे? आन हे लाकडाचं बिट यावर चालवलंस?”

“काका, दुकानदार म्हणाला चालेल.”

“लाकडाचं लाकडाला, लोखंडाचं लोखंडाला. स्टीलला दात बसलं न्हाईत की निस्तं घासतंय, आन घासलं की आनिकच टणक हुतंय. तू त्याला कापलं न्हाईस लेका, तू त्याला कडक केलंस.”

हे त्यांनी शब्दशः खरं सांगितलं. स्टेनलेस स्टीलचा गुणच तसा आहे. धार रुतून कीस निघत राहिला तर ते कापलं जातं, नुसतं चोळलं तर वरचा थर कठीण होत जातो. त्यात वेगाचा घोळ. माझं घरचं ड्रिल मिनिटाला २८०० फेरे मारतं. २९ मिलिमीटरच्या होल सॉला साध्या लोखंडी पत्र्यात सुमारे ३०० फेरे पुरतात आणि स्टेनलेसला त्याच्याही निम्मे. लाकडासाठी असलेल्या बिटाने आणि अठरापट वेगाने मी पत्रा नुसता भाजत होतो.

काकांनी स्टेनलेस बाजूला ठेवून १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा काढून दिला. खाली १८ मिलिमीटरचा प्लाय. बटणं मी अमेरिकन पद्धतीची, लांब आट्याची आणली होती. जपानी पद्धतीची खटक्याने बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, एवढ्या जाड फळीत त्यांचा खटका अडकतच नाही. लांब आट्याची बटणं पाऊण इंच लाकूड धरूनच केलेली असतात, खालून नट आवळायचा. त्यांना एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचं भोक लागतं, म्हणजे २८.६ मिलिमीटर. दांडीलाही मी तेवढंच ठेवलं. दोघांची मिळून बारा बटणं, दोन स्टार्टची, एक कॉइनचं आणि दोन दांड्या. बटणं बारा कशाला, तर मुस्तफाला दोनच पुरतात, पण ‘स्ट्रीट फायटर टू’ला एकेकाला सहा लागतात.

जागा ठरवायला मात्र मी घाई केली नाही. पुठ्ठ्यावर हात ठेवून बोटं सैल सोडली आणि ती जिथे टेकली तिथे खुणा केल्या. बोटं सरळ रेषेत कधीच पडत नाहीत, थोडी कमानीत पडतात. दोन बटणांच्या मध्यबिंदूंत ३८ मिलिमीटर अंतर ठेवलं, म्हणजे भोकांच्या मध्ये नऊ मिलिमीटरची पट्टी उरते. याहून कमी ठेवलं की पट्टी नाजूक होते.

मग काकांचा क्रम. पत्रा आणि प्लाय चिकटवायचा नाही, नुसता शिकंज्याने एकत्र आवळायचा. प्रत्येक खुणेवर सेंटर पंचचा एक ठोका, नाहीतर बिट पत्र्यावर घसरतं. त्या खळगीत आधी बारीक, मग सहा मिलिमीटरचं भोक, पत्रा आणि लाकूड दोन्हींतून आरपार. मग पिलर ड्रिलचा पट्टा बदलून वेग उतरवला, बायमेटल होल सॉ लावला, ब्रशने तेलाचे दोन थेंब. मी हातमोजे घालून पुढे झालो, तर त्यांनी ते काढायला लावले. फिरत्या मशीनमध्ये मोज्याचा धागा अडकला की हात ओढला जातो. डोळ्यांना चष्मा मात्र हवाच.

पत्रा तुटायच्या शेवटच्या क्षणी सॉ हिसका देतो. तेव्हा दाब कमी करायचा, हे हाताला तिसऱ्या-चौथ्या भोकानंतर कळलं. सतरा चकत्या पडल्यावर पत्रा सुटा केला. प्लायवर सहा मिलिमीटरची भोकं होतीच, त्यांच्या आधाराने अर्धं वरून आणि अर्धं खालून कापलं, म्हणजे खालची पापुद्री फाटत नाही.

बरेच जण पत्रा आधी चिकटवतात. माझं मत आता ठाम आहे: चिकटवणं सगळ्यात शेवटी. सॉ पत्र्याच्या खालच्या अंगाला धार उठवतो, कारखान्यात तिला बर म्हणतात. कीसही दोन्हींच्या मध्ये शिरतो. चिकटवलेल्या पत्र्याखालची बर कुठल्याच कानशीला सापडत नाही आणि पत्रा जन्मभर उचललेला राहतो. आम्ही अर्धगोल कानशीने दोन्ही बाजू घासल्या, बोट फिरवून पाहिलं, थिनरने तेलाचा अंश पुसला, मग फेविकॉल लावून चार बटणं घालूनच पत्रा जागेवर बसवला.

काम झालं म्हणून मी पॅनेल उचलायला लागलो. काका म्हणाले, “अर्थिंग कुठं देनार?”

बटणांत पाच व्होल्ट असतात, त्यांची भीती नाही. पण त्याच पेटीत मॉनिटर आणि पॉवर सप्लाय आहे, २३० व्होल्टची वायर आहे. ती कुठे सोलली तर पत्रा जिवंत होतो. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये नेमकं हेच चुकत होतं. तिथे फळीची नव्हे, हिरव्या वायरची गरज होती.

पत्र्याच्या मागच्या कडेला चार मिलिमीटरचं अठरावं भोक पाडलं. भोवतीची जागा खरवडून उघड्या लोखंडावर दातेरी वॉशर, स्क्रू आणि हिरवी वायर आवळली, वायरचं दुसरं टोक प्लगच्या मोठ्या पिनेला. मीटर लावला, पत्रा ते पिन जवळपास शून्य ओहम. दिवाळीत भाऊ आला तेव्हा त्याला आधी हा आकडा दाखवला, मग मुस्तफा सुरू केला.

घरी असं पत्र्याचं पॅनेल करणार असाल तर बटणांच्या आधी अर्थिंगचं भोक पाडा.