अस्सल बरहुकूम

पेशीविज्ञान आणि रेणवीय जीवशास्त्र यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमाशी माझा संबंध प्रथम विद्यार्थी म्हणून धुळ्यास आला, पुढे अध्यापक म्हणून जळगावास तो अनेक वर्षे टिकला, आणि सेवानिवृत्तीबरोबर सुटेल असे वाटत असताना उलट अधिकच घट्ट झाला. विद्वानांच्या मेळाव्यात प्राथमिक अभ्यासक्रमाला फारशी प्रतिष्ठा नसते. तो शिकविण्याचे काम विभागातल्या सर्वांत कनिष्ठ अध्यापकाच्या गळ्यात पडते, आणि त्यातून सुटका झाली म्हणजे बढती मिळाल्याचा आनंद त्याला होतो. मला ती सुटका कधी हवीशी वाटली नाही. खानदेशातल्या केळीच्या बागांनी, सातपुड्यातल्या पाड्यांनी आणि मध्यंतरीच्या साथीने मला जे जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे शोधताना दर वेळी पहिल्या वर्षाच्या वहीकडेच जावे लागले. वरच्या वर्गांतले पांडित्य तेथे क्वचितच उपयोगी पडले.

साठीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या पाठ्यपुस्तकात डीएनएला जागा होती ती शेवटच्या प्रकरणाच्या शेवटी, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसल्याने बहुतेक विद्यार्थी तेथवर पोहोचतच नसत. वॉटसन आणि क्रिक यांनी या रेणूची दुहेरी सर्पिल रचना १९५३ सालीच जगापुढे ठेवली होती. १९६८ साली हरगोविंद खुराना यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी वर्तमानपत्रातली बातमी कापून सूचनाफलकावर लावली, आणि ज्या संशोधनासाठी ते पारितोषिक मिळाले ते आम्हांस समजाविल्यावाचून वर्ष संपवायचे नाही असा जणू पणच केला.

आमचे हे प्राध्यापक धुळ्याचेच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यात पडला, आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या कागदपत्रांसाठी पुढे तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. तेथे जाऊन मोडी कागद वाचीत बसणे हा आमच्या प्राध्यापकांचा रविवारचा छंद होता. त्यामुळे पेशीतला कारभार त्यांनी आम्हांस शिकविला तो दप्तराच्या भाषेत. मूळ दस्त कोठीबाहेर निघत नाही. ज्या बाबीची गरज असेल तेवढ्याच बाबीची नक्कल करून ती बाहेर धाडली जाते, आणि बाहेर बसलेले कारकून तिच्यावर अंमल करतात. डीएनए केंद्रकात राहतो, त्याची नक्कल म्हणजे आरएनए बाहेर पडतो, आणि रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचून अमिनो आम्लांची साखळी गुंफतात. अक्षरे एकंदर चार, त्यांच्या त्रयी चौसष्ट; त्यांतल्या एकसष्ट मिळून वीस अमिनो आम्लांचा निर्देश करतात आणि उरलेल्या तीन ‘येथे थांबावे’ एवढाच हुकूम देतात.

एवढे कोणीही चांगला शिक्षक सांगेल. पण यापुढे त्यांनी जे सांगितले ते मला नंतर कोणत्याही इंग्रजी ग्रंथात आढळले नाही. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही. ओळ डावीकडून उजवीकडे सलग धावते, आणि वाचणाऱ्याने आरंभ चुकीच्या अक्षरापासून केला तर पुढचा सारा मजकूर निरर्थक होतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, भलताच अर्थ देऊ लागतो. डीएनएचेही तसेच आहे. त्यात स्वल्पविराम नाही, मोकळी जागा नाही, आणि एक अक्षर गळले तर पुढची प्रत्येक त्रयी सरकते. हे सांगताना त्यांनी फळ्यावर एका जुन्या कागदातली मोडी ओळ काढली, एक अक्षर पुसले, आणि सारा वर्ग ती वाचू लागला तेव्हा कोणा इनामदाराची जमीन क्षणात दुसऱ्याच्या नावावर चढली. जुन्या नकलांवर ‘अस्सल बरहुकूम’ असा शेरा का मारीत, हे त्या दिवशी मला कळले.

जळगावास मी नोकरीस लागलो तेव्हा आम्ही पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होतो. १९९० साली जळगावास स्वतंत्र उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले, ज्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. मात्र त्याच दशकात विषयाला खरे बळ विद्यापीठाबाहेर मिळाले. तोवर रावेर-यावलकडे बसराई केळीचे कंद लावीत. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा काढून ग्रँड नैन जातीची रोपे देण्यास आरंभ केला, आणि पाहता पाहता शेतकऱ्यांच्या तोंडी ‘जी-नाईन’ आणि ‘टिश्यू’ हे शब्द असे रुळले की, ‘औंदा टिश्यू लावली’ म्हणणाऱ्याला त्यात परकीय काही आहे याची जाणीवही उरली नाही.

ऊतिसंवर्धनाचे काम मी जवळून पाहिले आहे. बाहेर मे महिन्याचे ऊन पंचेचाळीस अंशांवर, आणि आत थंड, झगझगीत पांढऱ्या उजेडात टोपी-मुखपट्टी बांधलेल्या मुली ओळीने बसलेल्या. केळीच्या मुनव्याची एकेक पापुद्र्याची वेटोळी सोलीत जावे तो शेवटी पेराहूनही लहान, पांढराशुभ्र कोंब उरतो. चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचा, त्या चिमट्याने तो कोंब बरणीतल्या अगारवर टेकवायचा आणि झाकण लावायचे. अगारमध्ये साखर, क्षार आणि सायटोकायनिन जातीचे संप्रेरक असते; काही आठवड्यांत एका कोंबाचा झुबका होतो, तो पुन्हा कापून नव्या बरण्यांत जातो, आणि अखेरीस मुळे फुटण्यासाठी दुसरे संप्रेरक दिले जाते. यातल्या सायटोकायनिनची कथा मी वर्गात दर वर्षी सांगत असे: कायनेटिन हे या कुळातले पहिले द्रव्य १९५५ साली विस्कॉन्सिन येथे मिलर आणि स्कूग यांच्या हाती लागले ते हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या, जुन्या झालेल्या डीएनएच्या नमुन्यातून.

रावेरच्या एका बागाईतदाराने मला विचारले होते, ‘‘सर, बी नाही, कलम नाही, मग बाटलीत झाड होतं तरी कसं?’’ प्रश्न प्रथम वर्षाचाच होता. जी-नाईनच्या पेशीत अकरा गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे तेहतीस गुणसूत्रे असतात. बीजनिर्मितीच्या वेळी गुणसूत्रांना जोड्या लावाव्या लागतात, तिघांची जोडी लागत नाही, आणि म्हणून खाण्याच्या केळ्यात बी नसते. बी नसले तरी प्रत्येक पेशीपाशी संपूर्ण दप्तर असतेच. हाबरलँड या शास्त्रज्ञाने १९०२ साली असे प्रतिपादिले होते की एका पेशीपासून संपूर्ण वनस्पती उभी राहू शकावी, आणि ते खरे ठरायला पुढे अर्धे शतक जावे लागले. बागाईतदाराने सारे ऐकून घेतले आणि म्हटले, ‘‘म्हणजे माझी साडेचार हजार झाडं हे एकच झाड.’’ इतके नेमके उत्तर मला परीक्षेच्या कागदांत क्वचितच मिळाले असेल.

आणि त्याच्या बोलण्यातला धोकाही, म्हणजे एका रोगाला सारी झाडे सारखीच बळी पडण्याचा, त्याने स्वतःच अनुभवला. पावसाळ्यात ढगाळ, गार हवा लांबली की कोवळ्या पानांवर फिकट पिवळे पट्टे उमटतात; शेतकरी त्याला ‘हरण्या’ म्हणतात. हा काकडीवर्गीय पिकांतला मोझॅक विषाणू, मावा त्याला काकडी-भोपळ्यावरून केळीवर आणतो, आणि उपाय एकच: झाड उपटून गाडणे. या विषाणूपाशी डीएनए मुळीच नाही; तीन तुकड्यांचा आरएनए एवढीच त्याची मत्ता. आमच्या धुळ्याच्या प्राध्यापकांच्या भाषेत सांगायचे तर अस्सल दस्तच नसलेली ही नुसती नक्कल, पण ती पेशीत शिरताच तिथले कारकून शिक्का-मोर्तब न पाहता तिच्यावर अंमल करू लागतात. २०२० साली माणसांवर जो विषाणू आला त्याचीही जात हीच. आणि नाकातल्या स्वॅबची तपासणी चाले ती १९७० साली टेमिन आणि बाल्टिमोर यांनी शोधलेल्या एन्झाइमच्या जोरावर, जे आरएनएवरून उलट डीएनए लिहून काढते. पुढे तो डीएनए तपासणीच्या दर आवर्तनाला दुप्पट होतो. तीस आवर्तनांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. त्या दिवसांत शेजारीपाजारी अहवाल घेऊन माझ्याकडे येत, आणि ज्यांनी आयुष्यात विज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते त्यांना मी अंगणात अंतरावर बसवून पहिल्या वर्षाचा तास घेत असे.

सातपुड्याने विचारलेला प्रश्न मात्र अधिक जड होता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयाचे तेथे व्हॅलिन येते, कारण जनुकातल्या जीएजी या त्रयीत मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ असतो. एवढ्याने प्राणवायू कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, आणि १२० दिवसांचे तिचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांवर येते. पॉलिंग यांनी १९४९ साली या सिकलसेल आजाराला रेणवीय व्याधी ठरविले, इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये ते एक अमिनो आम्ल दाखवून दिले, आणि भारतात नीलगिरीच्या आदिवासींत ही व्याधी १९५२ सालीच नोंदली गेली होती. तरी आमच्या पुस्तकात ती आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार म्हणूनच येई. वर्गात हे शिकविण्याचा तास संपल्यावर धडगावकडचा एक पावरा विद्यार्थी मागे थांबला. त्याच्या धाकट्या बहिणीची बोटे हिवाळ्यात सुजत, डोळे पिवळे पडत, सांधे असे ठणकत की ती रात्रभर बसून काढी. पुस्तकातली लक्षणे त्याने एकेक करून माझ्यापुढे मांडली आणि विचारले, ‘‘सर, हे तेच का?’’ ते तेच होते. पुढे त्याच्या रक्ताचीही तपासणी झाली. तो वाहक निघाला.

वाहकाला त्रास नसतो. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारात एक. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असा सल्ला सारे देतात. तो योग्यच आहे, पण तो ज्या सुरात दिला जातो तो मला पसंत नाही. ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविल्याप्रमाणे हेच अक्षर वाहकाचे हिवतापापासून रक्षण करते, आणि ज्या डोंगरात पिढ्यानपिढ्या हिवताप होता तेथे ते टिकून राहिले ते या कारणाने. धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते पाहताना अभ्यासक वेगळ्या पाठाला चूक न म्हणता पाठभेद म्हणतात आणि तो कोणत्या परंपरेतून आला याचा शोध घेतात. पावरा आणि भिल्ल कुटुंबांशी बोलणाऱ्या डॉक्टरांनी निदान तेवढी अदब पाळावी.

तो विद्यार्थी आता एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवितो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनाने या आजारावर उपचार करण्यास मान्यता मिळाली, तेव्हा त्याचा दूरध्वनी आला. मी त्याला सांगितले की, या उपचारात ते चुकार अक्षर बदलीत नाहीत. गर्भावस्थेत वापरले जाणारे आणि जन्मानंतर बासनात बांधून ठेवलेले हिमोग्लोबिनचे जुने जनुक पुन्हा वाचायला काढतात. किंमत त्याने विचारली. अमेरिकेत सुमारे २२ लाख डॉलर, हे ऐकून तो हसला, आणि तूर्त हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या उपकेंद्रात नियमित मिळाव्यात म्हणून अर्ज कसा लिहावा हे विचारू लागला. तो मसुदा आम्ही फोनवरच केला. मग त्याने मला त्याच्या मुलांसमोर बोलायला बोलावले. सूक्ष्मदर्शक आहे का, असे मी विचारले, तर म्हणाला की आहे, डेडस्टॉक रजिस्टरवर नोंद आहे, किल्ली तेवढी मुख्याध्यापकांपाशी. मी म्हटले, किल्ली आधी मागून घे. आणि कांदा तीन दिवस आधी बाटलीच्या तोंडावर असा ठेव की त्याचा तळ पाण्याला नुसता टेकेल. मुळे सकाळीच कापायची, टोकाकडची दोन-तीन मिलिमीटर तेवढीच, ॲसिटोकार्मिन मी जळगावहून आणतो.