येणार कोण?

इन्फिनिटिव्ह शिकवताना ‘टु’पुढे मूळ क्रियापद घाला, एवढ्यावर गाइडं थांबतात. मार्क मिळतात, पण माझं समाधान होत नाही. या रूपाला स्वतःचा कर्ता दिसत नाही; मग काम करायचं कोणी?

‘आय आस्क्ड हिम टु कम’ आणि ‘आय प्रॉमिस्ड हिम टु कम’. एका क्रियापदाचा फरक, पण पहिल्यात येणार तो, दुसऱ्यात मी. यंदा दहावीतल्या एका मुलीने ही वाक्यं मराठीत सांगितली आणि माझी शिकवण्याची तऱ्हाच बदलली. ‘मी त्याला यायला सांगितलं. मी त्याला यायचं कबूल केलं.’ इंग्रजीत दोन्हीकडे एकच रूप; तिच्या तोंडी सहज दोन आली. ‘यायला’ म्हटलं की दुसरा आणि ‘यायचं’ म्हटलं की स्वतः, हा पक्का नियम नव्हे. ‘मी यायला तयार आहे’मध्ये येणारी मीच. तरी तेव्हापासून मी प्रत्येक वाक्यात कर्ता हुडकत बसते.

संस्कृतात इच्छार्थक धातूबरोबर इन्फिनिटिव्हचा ‘तुमुन्’ प्रत्यय लावायचा तर दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा, असं पाणिनीने बांधून दिलंय. ‘गन्तुम् इच्छामि’ म्हटलं की जाणार मीच. मराठीतही स्वतःपुरतं ‘मला जायचंय’. दुसऱ्याला पाठवायचं तर ‘त्याने जावं असं मला वाटतं’. म्हणून आमची मुलं ‘आय वाँट दॅट ही शुड गो’ लिहितात. चूकच ती, पण तिच्यामागे मराठीची शिस्त आहे. पोर्तुगीजमध्ये तर इन्फिनिटिव्हलाच पुरुषाचे प्रत्यय लागतात: ‘फाझेर’ म्हणजे करणं, ‘फाझेर्मुश’ म्हणजे आम्ही करणं. आधुनिक ग्रीकने हे रूप टाकूनच दिलं. स्वतःला जायचं असलं तरी ‘मी जावं असं मला हवंय’ अशीच रचना.

‘टु’ आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये म्हणून तास घालवणाऱ्यांचा मला राग येतो. इंग्रजी लेखक ते शतकानुशतकं घालत आलेत. कर्त्याचा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. मी तो काढते, वर्ग विचारात पडतो, आणि त्या क्षणी मी स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजते. ते सुख मला सोडवत नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: ती दोन वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा, मुलांकडून मराठीत वदवून घ्या, आणि गाइड त्यानंतरच उघडा.